मेनफ्रेमच्या डेटाबेसवर काम करून रात्री झोपायचं असेल तर

काम आणि घर यांचा तोल कसा सांभाळावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. प्राणायाम करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, रविवारी लॅपटॉप उघडू नका. सल्ले चांगलेच आहेत, पण ऑन-कॉलच्या आठवड्यात, म्हणजे रात्री-अपरात्री फोन आला तर उठायची पाळी आपली असते तेव्हा, पहाटे साडेतीनला ग्राहकाची बॅच (रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबांची रांग) अडकली की त्यातला एकही कामाला येत नाही. मी पुण्यात बसून १९९८पासून, म्हणजे वाय-टू-केच्या (सन २०००च्या तारखांच्या दुरुस्तीच्या) धामधुमीपासून, मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या मध्यवर्ती संगणकांवर, काम करते आहे. सुरुवात कोबॉल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने झाली, पुढे डीबीटू या आयबीएमच्या डेटाबेसची डीबीए, म्हणजे देखभाल करणारी, झाले. ग्राहक बहुतेक विमा कंपन्या आणि बँका, काही अमेरिकेतल्या, काही ब्रिटनमधल्या. इतक्या वर्षांत एक मत पक्कं झालं आहे: आपल्या धंद्यात रात्रीची झोप दिवसा कमवावी लागते. रात्री येणाऱ्या बहुतेक फोनांचं कारण आदल्या दिवशी, कधी आदल्या महिन्यात, कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेस स्वतःबद्दल ठेवतो त्या नोंदींत, दिसत असतं. ते कुठे बघायचं, आणि एवढं करूनही फोन आलाच तर काय करायचं, ते सांगते.

आधी एक वही

ऑन-कॉलमध्ये आलेला प्रत्येक फोन वहीत लिहा. तिकिटात नोंद असतेच, पण ती ग्राहकाला दाखवण्यासाठी केलेली असते. ‘जॉब रीस्टार्ट केला, प्रश्न सुटला’ यापलीकडे तिच्यात काही सापडत नाही. वहीत तारीख, आपल्याकडची वेळ, जॉबचं नाव, एसक्यूएलकोड (डीबीटूने दिलेला, चूक सांगणारा आकडा), रीझन कोड (त्या चुकीचं कारण), अडकलेल्या टेबलस्पेसचं (टेबलाचा डेटा जिथे राहतो ती जागा) किंवा पॅकेजचं (प्रोग्रॅममधल्या क्वेरींचं बाइंड केलेलं, म्हणजे चालवायला तयार केलेलं रूप) नाव आणि किती वेळ गेला एवढं लिहा. शेवटचा रकाना मात्र वेगळा ठेवा: ‘हे दिवसा कुठे दिसलं असतं?’ हा रकाना भरल्याशिवाय ती नोंद पुरी झाली असं मानू नका.

तीन-चार महिन्यांनी वही उघडलीत की तीच ती नावं पुन्हा पुन्हा दिसतील. हजारो टेबलांच्या सिस्टिममध्ये झोपमोड करणारी टेबलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतात. माझ्या वहीत चार गट सतत येतात: जागा, लॉक, अॅक्सेस पाथ (क्वेरीने डेटापर्यंत जायचा रस्ता) आणि पेंडिंग स्टेटस (एखादं काम राहिल्यामुळे टेबलस्पेसवर लागलेली बंदी). मॅनेजरशी माणसं वाढवण्याबद्दल किंवा एखादी दुरुस्ती मंजूर करून घेण्याबद्दल बोलायचं असेल तर हीच वही समोर ठेवा. ‘फार फोन येतात’ यावर कुणी हलत नाही. ‘या एका जॉबने तिमाहीत आपल्याला इतक्या वेळा उठवलं आणि दुरुस्ती अर्ध्या दिवसाची आहे’ म्हटलं की लगेच हलतात.

जागा

-९०४ आला म्हणजे हवं ते रिसोर्स मिळालं नाही. एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सोबतचा रीझन कोड, रिसोर्सचा टाइप आणि नाव वाचल्याशिवाय हात लावू नका. टाइप २०० म्हणजे टेबलस्पेस, २०१ म्हणजे इंडेक्सस्पेस. मास्टरच्या, म्हणजे डीबीटूच्या मुख्य जॉबच्या, लॉगमध्ये त्याच सुमारास डीएसएनपी००७आय हा मेसेज असेल तर डेटासेट (डिस्कवरची फाइल) वाढायला गेला आणि वाढू शकला नाही.

न वाढण्याची कारणं मुख्यतः तीन, आणि तिन्हींची औषधं वेगळी. स्टोरेज ग्रुपमधल्या व्हॉल्यूमवर जागाच उरलेली नसते. हे स्टोरेज टीमचं काम आहे, त्यांना उठवा, स्वतः एकट्याने झटत बसू नका. दुसरं कारण एक्स्टेंट, म्हणजे डिस्कवर जागा घेण्याचे तुकडे, संपण्याचं. व्हीसॅम डेटासेटला (डीबीटू डेटा ठेवतो त्या प्रकारच्या फाइलला) साधारणपणे २५५ एक्स्टेंट मिळतात. डेटा क्लासमध्ये ती मर्यादा उठवली असेल तर एका व्हॉल्यूमवर १२३ या हिशोबाने ७,२५७पर्यंत जाता येतं. सेकंडरी क्वांटिटी, म्हणजे दर वेळी किती जागा वाढवायची ते माप, कुणीतरी दहा-पंधरा वर्षांपूर्वी हाताने बारीक आकडा घालून ठेवलेली असते, टेबल वाढत जातं, आणि एका रात्री मर्यादा येते. सेकंडरी -१ केली तर डीबीटू स्वतःच वाढत्या मापाने एक्स्टेंट घेतो. नव्या व्याख्यांत मी दुसरं काही ठेवतच नाही.

तिसरं कारण सगळ्यात त्रासाचं: टेबलस्पेस त्याच्या कमाल आकाराला टेकतो. जुना सेगमेंटेड टेबलस्पेस ६४ जीबीवर थांबतो, त्यापुढे विनवण्या करून उपयोग नाही. पार्टिशन-बाय-ग्रोथ (भरेल तसे नवे भाग, म्हणजे पार्टिशन, जोडणारा) असेल तर मॅक्सपार्टिशन्स वाढवणं एका अल्टर कमांडचं काम आहे आणि ते लगेच लागू होतं. डीएसएसाइझ, म्हणजे एका पार्टिशनचा कमाल आकार, वाढवायचा तर मात्र अल्टरनंतर रीऑर्ग (सगळा डेटा नव्याने रचणं) लागतो, आणि पहाटे चारला सगळ्यात मोठ्या टेबलाचा रीऑर्ग करत बसण्याची वेळ कुणावर येऊ नये.

हे सगळं दिवसा दिसतं. सिसआयबीएम.सिसटेबलस्पेसस्टॅट्स आणि सिसइंडेक्सस्पेसस्टॅट्स ही दोन कॅटलॉग टेबलं डीबीटू स्वतः भरत राहतो, बदल केला नसेल तर दर ३० मिनिटांनी. त्यांत प्रत्येक पार्टिशनचे एक्स्टेंट, व्यापलेली जागा, वापरातली पानं आणि ओळींची संख्या असते. आठवड्यातून एकदा, मी मंगळवारी करते, हे आकडे स्वतःच्या टेबलात साठवा. महिनाभर साठले की वाढीचा वेग कळतो, आणि पुढच्या तीन महिन्यांत मर्यादेला टेकणाऱ्यांची यादी एका क्वेरीत निघते. त्या यादीतल्या वस्तूंची कामं शनिवारच्या मंजूर वेळेत उरकायची. मिरगाचा पाऊस यायच्या आधी घर शाकारून घेतात तसं हे काम आहे. पाऊस सुरू झाल्यावर कौलांवर चढणं जिवावर येतं.

याच क्वेरीला जोडून आयडेंटिटी कॉलम आणि सीक्वेन्स, म्हणजे आपोआप पुढचा क्रमांक देणारी साधनं, हीही बघा. इंटिजरची हद्द २,१४,७४,८३,६४७ आहे, स्मॉलइंटची अवघी ३२,७६७. सिससीक्वेन्सेसमध्ये कमाल किंमत आणि आत्तापर्यंत दिलेली किंमत शेजारी शेजारी असतात. ही हद्द संपली तर कॉलमचा प्रकार बदलणं, प्रोग्रॅम बदलणं, बाइंड करणं असं सगळं एका रात्रीत करावं लागतं. वर्षभर आधी कळलं तर तेच शांतपणे होतं.

लॉक

एक काम डेटा वापरत असताना दुसऱ्याला त्यावर अडवतं, तो लॉक. -९११ म्हणजे डेडलॉक (दोघं एकमेकांसाठी अडले) किंवा टाइमआउट (वाट बघण्याची वेळ संपली), आणि काम रोलबॅक झालेलं, म्हणजे केलेले बदल मागे घेतलेले. -९१३ मध्ये रोलबॅक झालेला नसतो, तो निर्णय प्रोग्रॅमने घ्यायचा. रीझन कोड ००सी९००८८ असेल तर डेडलॉक, ००सी९००८ई असेल तर टाइमआउट. डीएसएनटी३७५आय आणि डीएसएनटी३७६आय या मेसेजांत कोण अडकलं आणि कुणी अडवलं, दोघांची नावं असतात. पुष्कळ लोक अडकलेल्या जॉबकडेच बघत बसतात. फोन त्याच्यासाठी आलेला असतो हे खरं, पण दुरुस्ती अडवणाऱ्याची करायची असते.

अडवणारा बहुतेक वेळा एकच: कमिट न करणारा, म्हणजे बदल पक्के करून लॉक न सोडणारा, बॅच प्रोग्रॅम. लाखो ओळी बदलतो आणि शेवटी एकदा कमिट करतो. लिहिला तेव्हा रात्री ऑनलाइन बंद असायचं, म्हणून चालून गेलं. आता मोबाइल अॅपवरून ग्राहक रात्री दोनलाही पॉलिसी बघतात. अशा प्रोग्रॅमला तीन गोष्टी लागतात: ठरावीक ओळींनी किंवा ठरावीक सेकंदांनी कमिट, कमिटनंतरही उघडा राहील असा विथ होल्ड कर्सर, आणि मध्येच पडला तर तिथूनच पुढे सुरू होण्यासाठी रीस्टार्टची नोंद. कमिटचा आकडा प्रोग्रॅममध्ये गाडू नका, कंट्रोल टेबलात ठेवा. रात्री तो ५,०००चा ५०० करायला कंपाइल लागता कामा नये.

हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या टीमला हे पटवणं सोपं नसतं. माझा अनुभव असा की त्यांना दोष देत गेलं की दार बंद होतं. त्यापेक्षा पुरावा आधी गोळा करा. यूआरसीएचकेटीएच आणि यूआरएलजीडब्ल्यूटीएच हे दोन झेडपार्म (डीबीटूची सेटिंग) लावून ठेवले तर कमिट न करता लांबलेल्या कामांचे मेसेज, डीएसएनआर०३५आय आणि डीएसएनजे०३१आय, लॉगमध्ये आपोआप येतात. लॉक एस्कलेट झाला, म्हणजे थोड्या ओळींऐवजी पूर्ण टेबलच अडलं, तर डीएसएनआय०३१आय येतो. आठवड्याचे हे मेसेज जॉबच्या नावाप्रमाणे मोजून एक तक्ता पाठवायचा, बाकी काही लिहायचं नाही. तक्त्यात स्वतःच्या जॉबचं नाव सगळ्यात वर बघून डेव्हलपर स्वतः फोन करतात.

अॅक्सेस पाथ

काल वीस मिनिटांत संपणारा जॉब आज चार तास झाले तरी चालूच आहे, एरर कोणतीच नाही. हा फोन मला सगळ्यात नकोसा वाटतो, कारण दुरुस्त करायला काही तुटलेलं नसतं.

एका विमा ग्राहकाकडे दाव्यांची रांग ठेवणारं टेबल होतं. दिवसभर भरायचं, रात्री बॅच ते रिकामं करायची. रनस्टॅट्सचा, म्हणजे टेबलाचे आकडे कॅटलॉगात भरणारा, जॉब नेमका बॅचनंतर लावलेला, म्हणजे कॅटलॉगात त्या टेबलात कायम शून्य ओळी. पुढे एका इंडेक्सच्या बदलामुळे पॅकेज इनव्हॅलिड झालं, पहिल्याच वापराला ऑटोबाइंड (डीबीटूने आपणहून केलेला बाइंड) झाला, आणि रिकाम्या टेबलाला इंडेक्स कशाला म्हणून ऑप्टिमायझरने, म्हणजे पाथ निवडणाऱ्या भागाने, पूर्ण टेबलस्पेस स्कॅन निवडला. त्याचा हिशोब मिळालेल्या माहितीप्रमाणे बरोबरच होता. अशी भरणारी-रिकामी होणारी टेबलं ओळखून त्यांच्यावर व्होलाटाइल लावा, म्हणजे ऑप्टिमायझर शक्यतो इंडेक्सकडे झुकतो. किंवा टेबल भरलेलं असताना एकदाच चांगले स्टॅट्स घ्या आणि त्याला रोजच्या रनस्टॅट्समधून वगळा. आणि इंडेक्स ड्रॉप करायच्या आधी सिसपॅकडेप या कॅटलॉग टेबलात त्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस बघून ठेवा आणि ड्रॉपनंतर ती स्वतः, दिवसा रीबाइंड करा. ऑटोबाइंडच्या भरवशावर सोडू नका.

रीबाइंड करताना एपीकम्पेअर आणि एपीरीयूज हे पर्याय वापरायची सवय लावून घ्या. पाथ बदलला तर कळतो, शक्य असेल तिथे जुना पाथ राखला जातो. आणि एवढी काळजी घेऊनही रात्री पाथ बिघडलाच तर एक कमांड पाठ असू द्या: रीबाइंड पॅकेज, स्विच(प्रीव्हियस). प्लॅन मॅनेजमेंट एक्स्टेंडेड असेल, आणि डीबीटू १०पासून तेच डिफॉल्ट आहे, तर जुना पाथ जपून ठेवलेला असतो आणि काही सेकंदांत परत येतो. कारण सकाळी शोधा. रात्री दोनला प्लॅन टेबल उघडून मॅचकॉल्स मोजत बसण्यापेक्षा आधी बॅच धावती करणं हेच आपलं काम आहे. त्यासाठी जॉबचं नाव आणि त्याच्या पॅकेजचं नाव यांची जोडी लावलेली यादी हाताशी हवी. ही यादी करणं कंटाळवाणं आहे आणि तिने मला जितकी झोप दिली तितकी दुसऱ्या कशाने दिली नाही.

रीऑर्ग, रनस्टॅट्स, कॉपी (बॅकअप) कशाला लागेल हे ठरवण्यासाठी डीएसएनएसीसीओएक्स ही स्टोअर्ड प्रोसीजर डीबीटूबरोबरच येते. ती त्याच रिअल-टाइम आकड्यांवरून यादी काढून देते. ‘दर रविवारी सगळ्यांचा रीऑर्ग’ ही जुनी पद्धत सोडलीत तर रविवारची बॅच लहान होते, आणि तुमचा रविवारही मोकळा होतो.

पेंडिंग स्टेटसबद्दल थोडक्यात. लोड लॉग नो ने, म्हणजे लॉगमध्ये नोंद न करता, भरलेल्या टेबलाची कॉपी घेतली नाही की तो कॉपी पेंडिंगमध्ये जातो आणि पुढच्या अपडेटला -९०४ येतो. लोडमध्येच इनलाइन कॉपी घाला, विषय संपतो. दिवस संपवताना डिस्प्ले डेटाबेस, स्पेसनॅम(*), रिस्ट्रिक्ट ही कमांड चालवून यादी रिकामी आहे ना ते बघा.

-८०५, म्हणजे पॅकेज सापडलं नाही, बहुतेक डिप्लॉयमेंटच्या (नवे प्रोग्रॅम चढवण्याच्या) रात्री येतो: लोड मॉड्यूल हलवलं, बाइंड राहिला. डिप्लॉयमेंट यादीत बाइंडच्या निकालाचा रकाना ठेवा.

घड्याळ

भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही, ग्राहकाकडे होतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. लंडन साडेचार आणि साडेपाच.

यावरून तुमचा दिवस आखा. अमेरिकेचा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हा ऑनलाइनचा वेळ उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच ते पहाटे साडेतीन असतो. म्हणजे त्यांच्याकडून आपल्या रात्री येणारे फोन ऑनलाइनचे, लॉकचे आणि संथ चालण्याचे. त्यांची रात्रीची बॅच आपण नाश्ता करत असताना धावते. ब्रिटनचं उलट. रात्री अकराला त्यांची बॅच सुटली की उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. म्हणून अमेरिकन ग्राहकाची जागेची आणि पेंडिंगची तपासणी मी दुपारी चारला करते, त्यांचा दिवस उजाडायच्या आधी. ब्रिटिश ग्राहकाची रात्री नऊला, जेवण झाल्यावर, दहा मिनिटांत. दुसरी तपासणी आता एका जॉबवर टाकली आहे. तो फक्त गडबड असेल तरच मेल पाठवतो.

नोव्हेंबरमधल्या त्या रविवारी न्यूयॉर्कमध्ये रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. तो संपण्याची पहिली वेळ आपल्याकडे सकाळी साडेअकराची. डीबीटूचा लॉग स्थानिक घड्याळावर चालत नाही, त्यामुळे डेटाबेस डगमगत नाही. पण करंट टाइमस्टँप ही युनिक की म्हणून वापरणारे प्रोग्रॅम असतील तर तिथे -८०३, म्हणजे तीच की दुसऱ्यांदा आल्याची चूक, येऊ शकते. असे प्रोग्रॅम ऑक्टोबरमध्येच शोधून ठेवा. काही वर्षी हा रविवार दिवाळीच्या आसपासच येतो, हेही लक्षात असू द्या.

फोन आलाच तर

झोपेतून एकदम उठल्यावर डोकं पूर्ण ताळ्यावर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. यावर जिद्दीने मात करता येत नाही. म्हणून नियम करा: उठल्यावर पहिली पंधरा मिनिटं फक्त बघायच्या कमांड. डिस्प्ले थ्रेड, डिस्प्ले युटिलिटी, डिस्प्ले डेटाबेस. तोंडावर पाणी मारा, दिवा लावा, खुर्चीत बसा. अंथरुणात मांडीवर लॅपटॉप घेऊन प्रॉडक्शनला हात लावू नये.

कॅन्सल, टर्म, स्टॉप, रिपेअर आणि स्टार्ट डेटाबेस अॅक्सेस(फोर्स) या कमांड आधी नोटपॅडमध्ये लिहा, मोठ्याने वाचा, सबसिस्टिमचं नाव पुन्हा बघा आणि मगच पेस्ट करा. तीन तास कमिट न करता चाललेला जॉब कॅन्सल केला की तेवढाच, कधी त्याहून जास्त वेळ रोलबॅक चालतो, आणि तो अर्ध्यात थांबवता येत नाही. युटिलिटी टर्म करण्याआधी तिची फेज बघा: शेअरलेव्हल चेंजचा रीऑर्ग स्विचच्या आधी सोडला तर मूळ डेटा शाबूत असतो, पण लोड रीलोड फेजमध्ये टर्म केला तर टेबलस्पेस रिकव्हर पेंडिंगमध्ये जातो. अॅक्सेस(फोर्स) तर पेंडिंगची खूण पुसतो, दुखणं तसंच ठेवतो. ती कमांड एकट्याने, दुसऱ्या डीबीएशी बोलल्याशिवाय, कधीही देऊ नका.

ब्रिज कॉलवर, म्हणजे गडबडीच्या वेळी सगळे जमतात त्या सामाईक फोनवर, पंधरा माणसं ‘आणखी किती वेळ?’ विचारत असतात. टर्मिनलवर बसलेल्या माणसाने उत्तरं देत बसायचं नाही. सुरुवातीलाच स्पष्ट सांगा: मी काम करते, माझ्या बाजूने अमुक बोलेल, दर वीस मिनिटांनी माहिती मिळेल. तरुण मुलं हे सांगायला कचरतात. सांगा. बहुतेक इन्सिडेंट मॅनेजरना ते बरंच वाटतं.

आणि ऑन-कॉलचा आठवडा सुरू होण्याआधीच्या शुक्रवारी हे बघून ठेवा: रॅकफचा (मेनफ्रेमच्या सुरक्षेच्या प्रणालीचा) पासवर्ड त्या आठवड्यात संपत नाही ना, व्हीपीएनचा टोकन चालतो का, लॅपटॉपचा चार्जर घरी आहे का, पावसाळा असेल तर इन्व्हर्टर आणि मोबाइलचं इंटरनेट. पहाटे झोपेत चुकीचा पासवर्ड दोन-तीनदा मारून आयडी रिव्होक होणं आणि मग हेल्पडेस्कच्या रांगेत थांबणं, हे मी सहकाऱ्यांच्या बाबतीत पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

घर आणि रजा

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर माझे ऑन-कॉलचे आठवडे लाल पेनाने आखलेले असतात, सगळ्यांना दिसतील असे. त्या आठवड्यात मी बाहेरच्या खोलीत झोपते, म्हणजे फोनने बाकीच्यांची झोप मोडत नाही. सासूबाईंची दवाखान्याची वेळ, मुलीच्या शाळेची पालकसभा त्या आठवड्यात घेतच नाही. उलट बाकीच्या आठवड्यांत संध्याकाळी साडेसातनंतर कामाचा फोन बंद, आणि घरातल्यांना तो बंद असल्याची खात्री असते. ही खात्री फार मोठी गोष्ट आहे. रोज थोडं थोडं उपलब्ध राहणारा माणूस कुठेच पुरा नसतो.

टीमशी काही गोष्टी लेखी ठरवून घ्या. प्रायमरी (पहिला फोन ज्याला जातो तो) आणि सेकंडरी (त्याच्या पाठीशी असलेला) दोघं असायलाच हवेत. रात्री दोन तासांहून जास्त काम झालं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मीटिंग नाही. बदली रजा त्याच महिन्यात घ्यायची. साठवलेली बदली रजा कुणाला मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. पगारात नाइट अलाउन्स असेल तरी झोपेची भरपाई झोपेनेच होते, म्हणून या दोन गोष्टी एकमेकींच्या बदल्यात सोडू नका.

सणांचं गणित जुलैतच मांडा. अमेरिकन ग्राहकांकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. त्या सुमारापासून वर्षअखेरीपर्यंत बहुतेक ठिकाणी बदल गोठवलेले असतात. त्यामुळे प्रत्येकाला आपला बदल त्याआधी आत ढकलायचा असतो, आणि ही घाई बरोबर दिवाळीवर येते. गणपती आणि दिवाळीचा रोटा आधी ठरला तर गावी जाणाऱ्यांची तिकिटं निघतात, आणि ज्यांच्या घरी नाताळ असतो ते सहकारी दिवाळीत आनंदाने उभे राहतात. डिसेंबरात बदल नसतात, पण वर्षअखेरीची बॅच सगळ्यात मोठी असते, एवढं विसरू नका. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला दोन अनुभवी माणसं हवीतच.

वाचायचं काय, शिकायचं कुठे

अभ्यास घरी नेऊ नका. माझ्या कॅलेंडरवर शुक्रवारी सकाळी पाऊण तास ‘वाचन’ असं आरक्षण आहे आणि ते मी बैठकीइतकंच पाळते. वहीतला त्या आठवड्यातला एक कोड घेते आणि आयबीएमच्या मॅन्युअलमध्ये त्याचं मूळ वाचते. कोड्स, मेसेजेस, युटिलिटी गाइड आणि मॅनेजिंग परफॉर्मन्स ही चार मॅन्युअलं पीडीएफमध्ये लॅपटॉपवर उतरवून ठेवा. रात्री व्हीपीएन संथ असतं तेव्हा ब्राउझरमध्ये शोधत बसावं लागत नाही. आपल्या ग्राहकाची आवृत्ती बघून उतरवा. डीबीटू १३ हा २०२२मध्ये आला आणि १२पासून नवी कामं फंक्शन लेव्हलने थोडी थोडी येत असल्यामुळे एका वाचनात एक लेव्हल सहज होते.

रेडबुक्स ही आयबीएमची मार्गदर्शक पुस्तकं फुकट आहेत आणि प्रत्यक्ष सिस्टिमवर करून बघितलेल्या गोष्टी त्यांत असतात. मॅन्युअलने ‘काय’ सांगितलं की ‘का’ तिथे सापडतं. डीबीटू वापरणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयडग, १९८८पासून आहे. तिथल्या भाषणांचे कागद वाचले की आपल्यासारख्याच रात्री जगात इतरांनीही काढल्या आहेत आणि त्यातून काय शोधलं हे कळतं. शेअर ही आयबीएमचे संगणक वापरणाऱ्यांची संघटना तर १९५५ची, सिस्टिम/३६० या मेनफ्रेमच्याही आधीची.

नव्या मुलांना सरावासाठी मशीन मिळत नाही ही जुनी अडचण होती. आता आयबीएमच्या झेड एक्सप्लोरवर खऱ्या झेड/ओएसवर (मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) फुकट लॉगिन मिळतं, जेसीएल या जॉब लिहिण्याच्या भाषेपासून सुरुवात करता येते. लिनक्स फाउंडेशनच्या ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टचा कोबॉलचा अभ्यासक्रमही मोफत आहे. त्याच प्रकल्पातलं झोवे हे साधन शिकून घ्या: लॅपटॉपवरून जॉब सबमिट करणं, स्पूल (जॉबचं आउटपुट) वाचणं, रोजच्या तपासण्या स्क्रिप्टने चालवणं त्याने जमतं. माझी दुपारी चारची तपासणी आता त्यावरच चालते. सुरुवातीची स्क्रिप्ट टीममधल्या सगळ्यात लहान मुलीने लिहिली, कारण ३२७० या जुन्या टर्मिनलच्या हिरव्या पडद्यापेक्षा तिला ते जवळचं वाटलं.

टीममध्ये नवा माणूस आला की त्याला पहिल्यांदा ऑन-कॉलवर बसवण्याआधी दोन आठवडे सेकंडरीच्याही मागे, तिसरा म्हणून ठेवा. फोन त्यालाही जावा, कमांड त्याने द्यायची नाही, सकाळी वहीतली नोंद मात्र त्यानेच लिहायची, शेवटच्या रकान्यासकट. त्याची पहिली प्रायमरी पाळी महिनाअखेर टाळून, मधल्या आठवड्यात लावा, आणि सेकंडरीला तुम्ही राहा.